पौषातला चिखल आणि बुजणारी पायवाट

देशावरच्या हिवाळ्यात चिखल हा मुळात अपवाद. दिवाळी सरली की वाटा वाळतात, मार्गशीर्षात त्यांवर फुफाटा होतो आणि पौषात काळ्या जमिनीला भेगा दिसू लागतात. अशा दिवसांत एखादी पायवाट घोट्याएवढी ओली सापडली, तर कोणाचे तरी पाणी वाट चुकले आहे, एवढा निष्कर्ष काढावयास हरकत नाही. पुण्याच्या नैर्ऋत्येस, सिंहगड रस्त्याच्या अंगाला वसलेल्या धायरीच्या शिवारात रविवारी सकाळी फिरावयास निघणाऱ्या मंडळींची या वाट चुकलेल्या पाण्याशी अनेकदा गाठ पडते.

धारेश्वराच्या टेकडीला वळसा घालून नांदोशीच्या बाजूस निघालेली ही मंडळी म्हणजे कोणी शाळामास्तर, कोणी बँकेतला कारकून, एखाददुसरा महाविद्यालयीन विद्यार्थी. डोक्याला मफलर, पिशवीत चहाचा थर्मास आणि शेंगदाण्याची पुडी. पहिल्या मैलभरात वेतनश्रेणीपासून क्रिकेटपर्यंत सर्व विषय होऊन जातात. मग राड लागते. एकाची चप्पल रुतते, दुसरा तिला काढावयास वाकतो आणि स्वतःच बसतो. हसण्याने शेजारच्या बांधावरचे बगळे उडतात. अशा फजितीची आठवण वर्षानुवर्षे टिकते, आणि फिरण्याचा निम्मा आनंद तीतच असतो, हेही खरे. तथापि हसून झाल्यावर मंडळी काय करतात, ते पाहण्यासारखे आहे. ती वाट सोडतात आणि कडेच्या हरभऱ्यातून चालू लागतात.

चिखल सर्वत्र सारखा दिसला, तरी त्याची कुळी वेगवेगळी असते. खडकवासल्याहून निघणाऱ्या मुठा उजव्या कालव्याच्या खालच्या अंगाला शेतकऱ्यांच्या पिढ्यांनी थंडीत रात्री जागून दारे धरली. त्या ओलीतून गहू उभा राहिला. तो चिखल कष्टाचा होता आणि त्याला धनी होता. डिसेंबर २०२१ च्या आरंभी अवकाळी पावसाने केलेला चिखल आकाशाचा. त्याबद्दल तक्रार कोणाकडे करणार? परंतु अलीकडचा चिखल या दोहोंत बसत नाही. भूखंडावर मुरमाचा भराव पडतो, ओघळ बुजतो, आणि वरच्या अंगाने येणारे सांडपाणी उतार शोधीत पायवाटेवर पसरते, कारण सभोवती धनी नसलेली जागा तेवढीच असते.

येथून पुढची साखळी सरळ आहे. वाट ओली, म्हणून चालणारे पिकात शिरतात. पीक तुडवले जाते. हिरवे घाटे दिसले की शहरी हात त्यांकडे वळतो, हेही मान्य केले पाहिजे. शेतकरी बाभळीच्या फांद्या आडव्या टाकतो, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार घाटे खाणाऱ्यांना नाही. पुढल्या हंगामात फांद्यांच्या जागी तारेचे कुंपण येते, त्याच्या पुढल्या वर्षी शेताची विक्री होते, आणि विकत घेणाऱ्याला तेथे वाट होती हे ठाऊकही नसते. चिखलाने सुरू झालेली गोष्ट खरेदीखताने संपते.

कायद्याने या वाटांना अगदी वाऱ्यावर सोडलेले नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार सार्वजनिक रस्ते, गल्ल्या व वाटा शासनाच्या मालकीच्या आहेत. गावनकाशावर पायमार्ग टिंबांच्या तुटक रेषेने दाखविलेला असतो. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ अन्वये वाटेतला अडथळा तहसीलदार दूर करवू शकतात. परंतु त्यासाठी दावा सहा महिन्यांच्या आत दाखल झाला पाहिजे. आता रविवारी फिरणारा मास्तर तहसील कचेरीत कशाला जाईल? तो दुसरी वाट धरील. अर्थशास्त्रज्ञ मॅन्कर ओल्सन यांनी सामूहिक कृतीवरील आपल्या १९६५ च्या ग्रंथात हीच अडचण मांडली आहे: ज्यात शेकडोंचे थोडेथोडे आणि एकाचे मोठे हित असते, तेथे तो एक हलतो आणि शेकडो बसून राहतात. शेतमजूर बाईचा फेरा अर्ध्या तासाने वाढला, याची नोंद कोणत्याच हिशेबात होत नाही.

इंग्लंडात हा प्रश्न चिकाटीने हाताळला गेला. १९३२ साली किंडर स्काउटच्या माळावर कामगार तरुण जमीनदारांची बंदी मोडून चढले. काहींना तुरुंगवास झाला. १९४९ च्या कायद्याने परगणा मंडळांवर आपल्या हद्दीतील पायवाटा नकाशावर नोंदविण्याची जबाबदारी टाकली. तेथील वाटाही हिवाळ्यात चिखलाच्याच असतात. पण चिखल झाला म्हणून वाटेचा हक्क जात नाही.

आपल्याकडे नकाशा आधीपासून आहे, हे भाग्यच म्हणावयाचे. ऑक्टोबर २०१७ मध्ये धायरीसह ११ गावे पुणे महापालिकेत आली, २०२१ मध्ये नांदोशीसह आणखी २३ आली. ग्रामपंचायती गेल्या, आणि कोणती वाट कोठून कोठे जाते हे तोंडी सांगणारी व्यवस्थाही त्यांच्याबरोबर गेली. शहराला घरे हवीत, याबद्दल वाद नाही. पण बांधकामाचा नकाशा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याने त्यावर भूमी अभिलेखातील गावनकाशा ठेवून पाहावा आणि टिंबांची रेषा भूखंडातून जात असेल तर ती तशीच मोकळी ठेवावयास लावावी, ही मागणी अवाजवी नाही. त्यास भूसंपादन लागत नाही; जमीन शासनाचीच आहे. ओघळ जेथे वाटेला छेदतो तेथे सिमेंटच्या नळाची एक मोरी, आणि दोन्ही टोकांना खुणेचा दगड, एवढाच काय तो खर्च.

महाशिवरात्रीस धारेश्वराच्या दर्शनाला गर्दी लोटते. मोजणीदाराने त्याआधीच, पौषात, नकाशा घेऊन या शिवारात उतरावे. पाणी कोठे अडले आहे हे दाखवावयास तोवर चिखल असेलच, आणि तारेच्या कुंपणाला सहा महिने झालेले नसतील.