घर कीं घराचें कर्ज?

गरिबास निवारा मिळवून देणें हें सरकारचें कर्तव्य आहे, याविषयीं आज कोणी वाद घालीत नाहीं. वाद आहे तो निवारा देणें म्हणजे काय याविषयीं. बँकेनें गरिबास कर्ज द्यावें, त्याच्या व्याजाचा कांहीं भाग सरकारनें सोसावा, आणि तेवढ्यानें घराचा प्रश्न सुटला असें मानावें, ही समजूत अलीकडे रूढ झाली आहे. ती मुळांतच चुकीची आहे असें आमचें मत आहे, आणि तें आम्ही सरकारच्याच आंकड्यांवरून सिद्ध करूं.

शहरांसाठीं प्रधानमंत्री आवास योजना जून २०१५ मध्यें निघाली. तिच्या व्याज-अनुदानाच्या शाखेंत वार्षिक ६ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांस ६ लाखांच्या कर्जावर शेंकडा साडेसहा सूट होती. तिची एकरकमी किंमत अधिकांत अधिक सुमारें २ लाख ६७ हजार. पुढें २०१७ सालीं हेंच दार वार्षिक १८ लाख मिळविणाऱ्यांसहि उघडलें, आणि त्यांस सुमारें २ लाख ३० हजारांपर्यंत मिळूं लागले. महिन्यास २५ हजार मिळविणारा व दीड लाख मिळविणारा यांच्या पदरांत पडणाऱ्या दानांत फरक अवघा ३७ हजारांचा! ही शाखा मार्च २०२२ अखेर बंद झाली. सप्टेंबर २०२४ पासून योजनेचा दुसरा अवतार सुरू झाला. त्यांत घर ३५ लाखांपर्यंतचें, कर्ज २५ लाखांपर्यंतचें, सूट पहिल्या ८ लाखांवर शेंकडा ४; आणि एकूण मदत फार तर १ लाख ८० हजार, तीहि पांच वार्षिक हप्त्यांनीं.

आतां हिशेब मांडूं. महिना २५ हजार मिळविणाऱ्या माणसानें ३५ लाखांचें घर घ्यावयाचें, तर १० लाख रोख त्यानें कोठून आणावयाचे? ते कसेबसे उभे केले असें धरूं. उरलेल्या २५ लाखांवर शेंकडा साडेआठ दरानें वीस वर्षांचा हप्ता महिना सुमारें २१,७०० रुपये पडतो. मुलांच्या तोंडीं घांस घालावयास उरले ३,३००! आणि सरकारची मदत किती? घराच्या किंमतीचा जेमतेम विसावा हिस्सा. ही मदत उपयोगी पडेल ती ज्यास तिच्यावांचूनहि घर घेतां आलें असतें, त्यास. रिक्षावाला, भाजीवाली, धुणींभांडीं करणारी बाई, इमारतीवरचा बिगारी यांच्यापाशीं पगाराचा दाखला नाहीं. बँकेच्या दारांत त्यांची पत ती काय? जो दुसऱ्यांचीं घरें बांधतो, त्यासच घराचें कर्ज मिळत नाहीं.

हा अनुभव केवळ आमचाच नव्हे. इंग्लंडांत २०१३ सालीं सरकारनें नव्या घराच्या किंमतीच्या पांचव्या हिश्श्यापर्यंत रक्कम कर्जाऊ देण्याची योजना काढली व ती २०२३ पर्यंत चालविली. तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानें २०१९ मध्यें दाखवून दिलें कीं, लाभ घेणाऱ्यांपैकीं सुमारें तीन-पंचमांशांस या मदतीवांचूनहि घर घेतां आलें असतें. त्यांत आश्चर्य कसलें? जमीन तेवढीच ठेवून खरेदीदाराच्या हातांतला पैसा वाढविला कीं किंमत चढते. अनुदान निघतें गरिबाच्या नांवें, आणि जाऊन पडतें जमीनमालकाच्या तिजोरींत.

यावर आक्षेप येईल कीं, भाडेकरूचें जिणें परावलंबी. स्वतःच्या घरानें माणसास स्थैर्य व प्रतिष्ठा लाभते. आक्षेप पोकळ नाहीं. गरीब वर्गांतील घराच्या कागदावर बाईचें नांव असावें, अशी अट या योजनेनें घातली, तिचें आम्ही मनापासून स्वागत करतों. परंतु हप्ते थकले असतां २००२ च्या सरफेसी कायद्यान्वयें बँक दिवाणी दावा न लावतां तारण घरावर हात टाकूं शकते, हें विसरूं नये. घरमालकाचा धाक गेला आणि सावकाराचा आला, यांत स्थैर्य तें कोणतें?

मुंबईंत १९२० च्या दशकांत सरकारच्या विकास खात्यानें वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी येथें चाळी बांधल्या. खोली सुमारें १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. त्यांची स्तुति करण्याचा आमचा हेतु नाहीं. पण गिरणीकामगारास तेथें कर्ज न काढतां छप्पर मिळालें, आणि त्या छपराखालीं पिढ्या वाढल्या. सरकारनें तेव्हां विटा रचल्या. आज तें व्याजाच्या पावत्या फाडतें.

केंद्र सरकारच्या अभ्यासगटानें २०१२ सालीं शहरी घरांचा तुटवडा सुमारें १ कोटि ८८ लाख ठरविला. त्यांतला शेंकडा ९५ हून अधिक गरीब व अल्प उत्पन्न वर्गांचा. आणि त्याच्या आदल्याच वर्षींच्या जनगणनेंत शहरांत सुमारें १ कोटि ११ लाख घरें रिकामीं आढळलीं होतीं! घरें आहेत तेथें माणसें नाहींत, आणि माणसें आहेत त्यांस घरें नाहींत. ही विसंगति कर्जानें मिटणारी नाहीं.

नव्या योजनेंत भाड्याच्या घरांचीहि एक शाखा आहे. ती शेवटच्या पानावरून पहिल्या पानावर आणावी. सार्वजनिक जमीन विकूं नये, तिच्यावर घरें बांधावीं, तीं उत्पन्नाच्या प्रमाणांत भाड्यानें द्यावीं, आणि नियमित भाडें भरणाऱ्यास बाहेर काढण्याचा अधिकार कोणासहि ठेवूं नये. ज्यास पुढें विकत घ्यावयाचें असेल त्यानें खुशाल घ्यावें. पण आधीं छप्पर, मग मालकी. उघड्यावरच्या माणसास कर्जाचा अर्ज पुढें करणें म्हणजे तहानलेल्यास विहीर खणण्यासाठीं उसने पैसे देण्यासारखें आहे.