खेळ सोडला म्हणजे नेमकं काय केलं?

मंडळी, एका शब्दावर माझा जुना राग आहे. आज तो काढून टाकतो. शब्द आहे 'सोडला'. "तो खेळायचा की पूर्वी कबड्डी, आता सोडली." "पोरगी काय पळायची हो खो-खोत, लग्न झालं, सोडलं." माजलगावात मोंढ्यात उभे राहा, बसस्टँडवर चहा घ्या नाहीतर लग्नाच्या पंगतीत बसा, हे वाक्य कानावर येणारच. तंबाखू सोडली, बिडी सोडली, तसा खेळ सोडला. म्हणजे खेळ हेच एक व्यसन होतं आणि माणूस आता सुधारला!

सचिन तेंडुलकर १६ नोव्हेंबर २०१३ ला वानखेडेवर शेवटचं बोलला तेव्हा आमच्या घरातली झाडून सगळी माणसं टीव्हीपुढे होती. आईला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही, तिनंही पदर डोळ्याला लावला. "सचिननं क्रिकेट सोडलं" असं त्या दिवशी कुणी म्हणालं नाही. तो निवृत्त झाला. कबड्डीतला अनुप कुमार डिसेंबर २०१८ मध्ये थांबला, तोही निवृत्त झाला, पेपरात फोटो आला. मग बीड जिल्ह्याच्या संघातून सहा-सात वर्षं राज्य अजिंक्यपद स्पर्धेला जाणारा, स्वतःच्या पैशानं बूट घेणारा, एसटीच्या मागच्या सीटवर रात्र काढून सकाळी मॅटवर उतरणारा आमचा गडी, त्यानंच तेवढा खेळ 'सोडला' का?

यावर ठरलेलं उत्तर येतं, तेही तोंड वाकडं करून. "हौशी खेळाला निवृत्ती कसली? पगार नाही, करार नाही. आज आला, उद्या नाही आला." आमच्या काकांचं तर हे आवडतं मत आहे (काका, तुम्ही हे वाचता मला माहीत आहे, आणि फोन येणार हेही माहीत आहे).

तर काका, तुम्हाला आयर्लंडला नेतो. तिथं गेलिक फुटबॉल नावाचा खेळ आहे. पंधरा-पंधरा जणांचा, चेंडू हातातही घ्यायचा आणि पायानंही मारायचा. १८८४ मध्ये थर्लस नावाच्या गावात त्यांची संघटना निघाली आणि आजही तो खेळ हौशीच आहे. तिथल्या काउंटीला आपण जिल्हा म्हणू. खेळाडू आपल्या गावाच्या क्लबकडून खेळतो, त्यातून निवड झाली की आपल्या काउंटीकडून. पैसे दोन्हीकडे नाहीत. मास्तर, शेतकरी, बँकेतला कारकून, असे लोक दिवसभर काम करून संध्याकाळी सरावाला जातात. आणि अंतिम सामना होतो डब्लिनच्या क्रोक पार्कवर, ब्याऐंशी हजार माणसांपुढे.

त्या डब्लिनचा ब्रायन फेंटन नोव्हेंबर २०२४ मध्ये काउंटीच्या संघातून निवृत्त झाला. वय ३१, सात वेळा अखिल आयर्लंड विजेता. बातमी देशभर गाजली. तो मोठा होता, म्हणून त्याचं जाऊ द्या. पण कधीच काही न जिंकलेल्या काउंटीचा, दहा वर्षं बचाव सांभाळणारा साधा खेळाडूही तिथं रीतसर निवृत्त होतो. तो चार ओळी लिहितो, काउंटीचे लोक चार ओळी उलट लिहितात, आईबापांचे, बायकोचे, क्लबचे आभार मानले जातात, स्थानिक पेपरात छापून येतं. पगार नसल्यानं काही अडत नाही. उलट मला वाटतं, पगार नसतो म्हणूनच आभार जास्त लागतात. ज्याला पैसे दिले त्याचा हिशोब तरी मिटलेला असतो.

आणि दुसरी गोष्ट, जी मला पहिलीपेक्षा मोलाची वाटते. काउंटीतून निवृत्त झालेला खेळाडू बहुधा खेळातून जात नाही. तो आपल्या गावच्या क्लबात परत जातो. पस्तिशीतही खेळतो, पोरांना शिकवतो, मैदानाचं गवत कापतो. वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर येतो, पण घर तेच राहतं.

आता आपल्याकडे या.

आपल्याकडे मधला मजलाच नाही. शाळेचा संघ असतो, आणि मग एकदम जिल्हा. मंडळं आहेत, नाही असं नाही, पण बहुतेक मंडळं म्हणजे एक दमदार माणूस आणि त्याचा उत्साह. त्याची बदली झाली किंवा तो निवडणुकीला उभा राहिला की मंडळ संपलं. मग जिल्ह्याच्या संघातून बाहेर पडलेला गडी परत कुठं जाणार?

आणि तो बाहेर का पडतो हे तरी आपण कधी नीट विचारलं का? आपल्या जिल्ह्यात याचं उत्तर खेळात कमी आणि उसात जास्त आहे. दसरा-दिवाळी झाली की धारूर, वडवणीच्या डोंगरपट्ट्यातून गाड्या भरून माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडणीला जातात. कबड्डी, खो-खोचा हंगामही नेमका थंडीचाच. ज्या महिन्यात मैदान तापतं त्याच महिन्यात फडात कोयता चालतो. मुकादमाची उचल घेतलेली असते, आणि उचल घेतलेल्या घरातला तरणा गडी "मला निवड चाचणीला जायचंय" म्हणून थांबू शकत नाही. एखाद्या वर्षी मामाकडे राहून, दोन वर्षं मास्तरांच्या हातापाया पडून तो जमवतो. चौथ्या वर्षी नाही जमत. याला तुम्ही 'सोडला' म्हणता?

मुलींचं तर बोलूच नका. तोडणीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात आणि उचल कोयत्यावर मिळते. म्हणजे लग्न झालं की पोराची किंमत दुप्पट. मग अठराव्या वर्षाची वाट तरी कोण बघतो. काल खांबाला वळसा घालून तिघींना बाद करणारी पोरगी आज फडात मोळ्या उचलते. तिचा शेवटचा सामना कुठला होता हे तिला स्वतःलाही सांगता येणार नाही, कारण तो शेवटचा आहे हे त्या दिवशी कुणालाच माहीत नव्हतं. हे मला फार लागतं. शेवटचा सामना शेवटचा म्हणून खेळायला मिळणं ही चैन आहे, आणि ती आपण फक्त टीव्हीवरच्यांना दिली आहे.

शेजारच्या धाराशिवची सारिका काळे आठवा. खो-खोत देशाची कर्णधार. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खो पहिल्यांदा आला आणि तिच्या संघानं सुवर्ण जिंकलं. २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार, पुढे तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी. सगळ्यांना एवढंच पाठ आहे. पण घरच्या ओढगस्तीनं २०१६ मध्येच ती खेळ थांबवायला निघाली होती, प्रशिक्षक चंद्रजित जाधवांनी समजूत घातली म्हणून मैदानावर आली, हेही तिनंच सांगितलेलं आहे. समजूत घालायला कुणी नसतं तर? तर धाराशिवातल्या एखाद्या पंगतीत कुणीतरी म्हणालं असतं, "चांगली खेळायची, सोडलं."

१९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या मुलींनी जिंकला, नेपाळला ७८-४० असं हरवून. कर्णधार प्रियंका इंगळे, मूळची आपल्या केज तालुक्यातली. ती घडली पुण्याकडे, पण त्या आठवड्यात सगळा बीड जिल्हा तिचा मामा झाला होता. आनंदच आहे. फक्त मला त्या मामांना विचारायचं आहे, तुमच्या गल्लीत जिल्हा खेळलेल्या किती भाच्या आहेत, आणि त्यातल्या एकीचा तरी तुम्ही नारळ-शाल देऊन निरोप केला का? शाली कमी नाहीत हो आपल्याकडे. ग्रामपंचायतीचा सदस्य झाला तरी सात शाली पडतात.

"सगळे भरतीसाठीच खेळतात" हा दुसरा टोमणा. पोलीस भरती झाली की खेळ बंद, म्हणजे प्रेम खोटं होतं म्हणे. अहो, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी पदक लागतं. ज्या जिल्ह्याचा संघ साखळीतच बाहेर पडतो त्याच्या गड्याला नुसता सहभागाचा कागद मिळतो, आणि त्या कागदावर भजी खायची. तरीही तो पाच-सहा वर्षं खेळला. हिशोब करून खेळणारा दुसऱ्याच वर्षी थांबला असता.

गुडघ्याचं एक राहिलंच. कबड्डी आता मॅटवर आली, पण आमची पोरं वर्षभर मातीत खेळतात आणि निवड चाचणीच्या दिवशी मॅटवर उतरतात. गुडघ्यातला दोर तुटला की ऑपरेशनचा खर्च घरचा. चाळिशीत जिना चढताना कठडा धरणारे दोन तरी चढाईपटू माझ्या ओळखीत आहेत. नावं देत नाही, त्यांना आवडणार नाही.

कुस्तीचं बरं आहे. तिथं निदान महाराष्ट्र केसरी, हिंद केसरी झालेल्यांना सरकारी मानधन आहे. कबड्डी-खो-खोच्या जिल्हा खेळाडूला मानधन द्या असं मी म्हणत नाही, तेवढा भोळा नाही. मागणं फार स्वस्त आहे. दरवर्षी जिल्हा निवड चाचणी होते. पहिल्या सामन्याआधी आमदार-खासदारांचं स्वागत अर्धा तास चालतं. त्यातली पाच मिनिटं द्या. यंदा जे थांबले त्यांची नावं माईकवर वाचा, आणि कोण किती वर्षं जिल्ह्याकडून खेळलं ते सांगा. ऊसतोडीला गेलेली पोरगी तिथं नसेल, तर तिच्या बापाला नाहीतर भावाला बोलवा. एक कागद द्या, ज्यावर तिनं खेळलेली सगळी वर्षं एकत्र लिहिलेली असतील. आणि ज्यांची इच्छा असेल त्यांना पंच परीक्षेला बसवा, फी मंडळानं भरावी. शिट्टी हातात असली तरी माणूस मैदानावरच असतो.

"एवढं कोण करत बसणार?" हे काका म्हणतीलच. मी सुरुवात करतो. माजलगाव तालुक्यातून बीड जिल्ह्याकडून कबड्डी किंवा खो-खो खेळलेल्यांची यादी करायला घेतली आहे, १९९० पासूनची. माझ्याकडे सध्या एकवीस नावं आहेत आणि त्यातल्या मुली फक्त चार. हे चुकीचं आहे हे मला माहीत आहे, मुली याहून कितीतरी जास्त होत्या, पण लग्नानंतर आडनावं बदलली आणि कुणाला आठवेना. आत्या, मावशी, वहिनी मंडळी, तुमच्या बॅचमधल्या आठवतील तेवढ्या कळवा. माहेरचं नाव, गाव आणि साधारण वर्ष एवढं पुरे.