अंतरावरचा कर

छापील पुस्तकावर आपल्याकडे कर नाही, असे आपण वर्गात, सभेत आणि प्रास्ताविकांत मोठ्या समाधानाने सांगत असतो. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हाही पुस्तकाला शून्य दराच्या रांगेत बसवण्यात आले, हे खरेच आहे. पण आमचे म्हणणे असे की, हे शून्य पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातले शून्य आहे. तेथे काउंटरपाशी उभे राहून पुस्तक हातात घेणाऱ्याच्या बाबतीत ते जवळपास खरे ठरते. किनवटला, मुखेडला, अहमदपूरला किंवा निलंग्याला बसून तेच पुस्तक ऑनलाइन मागवणाऱ्याच्या बाबतीत ते खोटे आहे. त्याच्याकडून कर घेतला जातो. फक्त त्या कराला पुस्तकावरचा कर न म्हणता पाठवणीवरचा कर म्हणतात.

हिशेब साधा आहे. समजा, दीडशे रुपयांचा एक कवितासंग्रह आहे आणि तो घरपोच येण्याचा खर्च साठ रुपये आहे. कुरिअरवर १८ टक्के कर, म्हणजे दहा रुपये ऐंशी पैसे. पुस्तकाच्या किमतीशी ताडून पाहिल्यास हा कर सात टक्क्यांच्या वर जातो. आता पंधराशे रुपयांचा जाडजूड संच घ्या. त्याची पाठवणी शंभर रुपये धरली तर कर अठरा रुपये, म्हणजे किमतीच्या सव्वा टक्क्याच्या आसपास. पुस्तक जितके बारीक आणि स्वस्त, तितका कर भारी! कविता, एकांकिका, छोटेखानी समीक्षा हे आधीच कमी खपणारे वाङ्मय या उलट्या तराजूत सर्वांत जास्त तोलले जाते. कोणी विचारील, दहा रुपयांनी काय होते? ज्याला वर्षातून एकदा पुण्याला जाऊन पिशवीभर पुस्तके आणता येतात त्याचे काही होत नाही. एम. ए.चा विद्यार्थी महिन्याला एक पुस्तक मागवतो, आणि दर वेळी हा दंड भरतो.

प्रकाशक ‘टपालखर्च आमच्याकडे’ असे औदार्याने जाहीर करतो तेव्हाही यातून सुटका नसते. कुरिअरला त्याने कर दिलेलाच असतो, आणि पुस्तक करमुक्त असल्यामुळे तो कर त्याला वजावटीत परत मिळत नाही. करमुक्तीची ही गंमत आपल्या साहित्यिक चर्चांत फारशी येत नाही. कागदाचेही तसेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून छपाईच्या कागदावरचा कर १२ वरून १८ टक्क्यांवर गेला (वह्यांचा कागद मात्र करमुक्त झाला, त्याचा आम्हांला आनंदच आहे), आणि तोही पुस्तकाच्या किमतीत मुकाट्याने जिरतो. म्हणजे लिहिण्याचा कागद करमुक्त आणि वाचण्याचा करपात्र. परंतु कागदावरचा कर पुण्याच्या आणि किनवटच्या वाचकाला सारखाच बसतो. पाठवणीवरचा कर फक्त दूरच्याला बसतो, आणि आमचे भांडण त्याच्याशी आहे.

यावर आमच्याच गावांतून एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. ऑनलाइन खरेदीवर कर असायलाच हवा, किंबहुना वाढायला हवा, एरवी गावातली दुकाने बुडतील, असे पुष्कळ पुस्तकविक्रेते मानतात. दुकान बुडण्याचे दुःख आम्हांलाही आहे. पण कराने त्या दुकानाचे रक्षण कसे होते, हे कोणी समजावून सांगत नाही. मोठ्या ऑनलाइन कंपन्यांचे बळ त्यांच्या सवलतीत आणि स्वतःच्या वाहतूक व्यवस्थेत आहे. पाठवणीवरच्या कराने त्या हलत नाहीत. हलतो तो टपालावर आणि कुरिअरवर अवलंबून असलेला लहान प्रकाशक. शिवाय लातूरच्या दुकानात काय विकले जाते, ते एकदा नीट पाहावे. ‘लातूर पॅटर्न’ने या शहराला महाराष्ट्रभर नाव दिले, आणि दुकानाच्या फळ्याही दिल्या: वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांची मार्गदर्शके छतापर्यंत, आणि मराठी कादंबरी असलीच तर एका कोपऱ्यात. यात विक्रेत्याचा दोष आम्ही मानत नाही. जे खपते ते तो ठेवतो. पण जे पुस्तक त्याच्याकडे नाहीच, ते आम्ही बाहेरून मागवले तर त्याचे नुकसान कोणते?

आणि व्यापाऱ्यांनी स्वतःचा इतिहास आठवावा. मराठवाड्याला मालाच्या वाटेवर बसलेल्या कराची ओळख जुनी आहे. निझामी राजवटीत संस्थानाच्या हद्दीवर करोडगिरीचे नाके होते. पुढे शहरांच्या वेशीवर जकात आली, जकात गेल्यावर स्थानिक संस्था कर आला. शहराच्या हद्दीत माल आला एवढ्याच कारणासाठी कर कसला, असे म्हणत राज्यातील व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली, आणि अखेर १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींखालील उलाढालीच्या व्यापाऱ्यांना या करातून सोडवण्यात आले. तो युक्तिवाद तेव्हा बरोबर होता. पुढच्याच वर्षी गुजरात आणि उत्तराखंड या राज्यांनी ऑनलाइन मागवलेल्या मालावर प्रवेशकर बसवला, आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने प्रवेशकर लावण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला. वस्तू व सेवा करात हे सारे विरून गेले, असे आपल्याला सांगितले गेले. नाके उठले, हे खरे. नाक्याची बुद्धी मात्र पाठवणीच्या बिलात येऊन बसली आहे.

आता टपालाकडे वळू. खेड्यातल्या वाचकाचा खरा आधार टपालखातेच. १८ जुलै २०२२ पासून या खात्याच्या करमुक्त सेवा एवढ्याच उरल्या: पोस्टकार्ड, अंतर्देशीय पत्र, बुक पोस्ट आणि दहा ग्रॅमांहून हलके साधे पाकीट. (दहा ग्रॅमांहून हलका मराठी ग्रंथ आमच्या पाहण्यात नाही, कवींनी प्रयत्न करून पाहावा.) त्यातल्या त्यात नोंदणीकृत बुक पोस्ट ही स्वस्त आणि पावतीची सेवा प्रकाशकांच्या अंगवळणी पडली होती, डिसेंबर २०२४ मध्ये ती अचानक बंद झाली. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आले. तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोपर्यंत शंभर रुपये. दर वाजवी आहेत, आणि चांगल्याला चांगले म्हणायला आम्ही कचरत नाही. पण त्या दरपत्रकाशेजारीच लिहिले आहे की, लागू होणारे कर वेगळे. ज्ञानाच्या नावाने काढलेल्या सेवेवरही कर! त्यात पुन्हा, व्यापारी हेतूच्या किंवा जाहिराती छापलेल्या प्रकाशनाला या सेवेत प्रवेश नाही. १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली. तेव्हापासून जाहिरातीच्या आधाराने उभे राहिलेले हे वाङ्मय मग कोणत्या मार्गाने देगलूरला पोचावे? स्पीड पोस्टाने, १८ टक्के भरून.

विकत घेणाऱ्याचे हे झाले. गावात बसून विकू पाहणाऱ्याची गोष्ट याहून विचित्र आहे. फक्त पुस्तके विकणाऱ्याला कर नोंदणीची सक्ती नाही. पण उदगीरला निव्वळ पुस्तकांवर कोणी दुकान चालवून दाखवावे! पेन, कंपास, दप्तर ठेवल्याशिवाय दुकानाचे भाडे निघत नाही, आणि ते ठेवले की ही सूट जाते. अशा लहान दुकानदाराला उलाढाल कितीही कमी असली तरी ऑनलाइन बाजारपेठेत नोंदणीवाचून उभे राहता येत नव्हते. १ ऑक्टोबर २०२३ पासून ही अट सैल झाली, पण राज्यापुरतीच. म्हणजे उदगीरचा विक्रेता त्या बाजारपेठेतून सावंतवाडीला पुस्तक धाडू शकतो. शेजारच्या भालकीला, जेथे घरोघरी मराठी बोलली जाते, तेथे नाही. एप्रिल २०२२ मध्ये ज्या उदगीरला पंचाण्णवावे साहित्य संमेलन भरले, त्या गावाची ही अवस्था आहे. सीमाभागातल्या मराठीविषयी ठराव करणाऱ्यांनी या नियमाकडेही एकदा पाहावे.

मग पुस्तक प्रत्यक्ष पाठवायचेच नाही, पडद्यावर वाचायचे, असे ठरवले तर? तेथेही कायदा आडवा येतो, आणि येथे तो थेट आपल्या क्षेत्रात शिरतो. ई-पुस्तकावर आरंभी १८ टक्के कर होता. जुलै २०१८ मध्ये तो ५ टक्के झाला, पण ज्याची छापील आवृत्ती आहे अशाच पुस्तकापुरता. जे थेट डिजिटल रूपात निघाले ते या व्याख्येने ई-पुस्तकच नव्हे. नांदेडचा एखादा तरुण कवी छपाईला पैसे नाहीत म्हणून संग्रह केवळ ऑनलाइन काढतो, तर त्याच्या वाचकाने तिपटीहून जास्त दराने कर द्यायचा. आणि ज्याला छपाई परवडली त्याच्या वाचकाला सवलत! पुस्तक म्हणजे काय, हा प्रश्न आपण साहित्यशास्त्रात सोडवत बसलो आहोत, आणि तिकडे करअधिसूचनेने तो छापखान्याच्या बाजूने निकालात काढला. महानुभावांचे ग्रंथ शतकानुशतके हस्तलिखितांतून वाचले गेले. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी तर पासोडीवर, चक्क कापडावर लिहिले. हे सगळे मुद्रणापूर्वीचे म्हणून ग्रंथ नव्हेत काय? पासोडी आज विक्रीला निघाली तर तिच्यावर कापडाचा दर लावतील, अशी आम्हांला शंका आहे.

हा कर केंद्राचा आहे, आमच्या हाती काही नाही, हे राज्य सरकारचे ठरलेले उत्तर असते. ते अर्धेच खरे आहे. पुण्याहून लातूरला आलेल्या पार्सलवरच्या १८ टक्क्यांतले नऊ टक्के केंद्राचे आणि नऊ महाराष्ट्राचे असतात. परिषदेत महाराष्ट्राचा मंत्री बसतो, बोलू शकतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचा उत्सव राज्याने केला. स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या चारही जिल्ह्यांतील मराठी विभागांनी, अध्यापक-संघटनांनी आणि ग्रंथालयांनी या मंत्र्याकडे लेखी मागणी करावी, असे आम्ही सुचवतो: पुस्तकाच्या पाठवणीला पुस्तकाचाच शून्य दर लावा, ‘ज्ञान पोस्ट’चे दरपत्रक करमुक्त करून तेथे नियतकालिकांना जागा द्या, ई-पुस्तकाच्या व्याख्येतून ‘छापील’ हा शब्द काढा, आणि लहान विक्रेत्याला राज्याची हद्द ओलांडू द्या. पत्राचा मसुदा मराठीतच असावा. तो स्पीड पोस्टाने पाठवावा लागेल, आणि त्यावरही १८ टक्के पडतील. पावती जपून ठेवून पुढच्या पत्राला जोडावी.