बोर्डावर नसलेली प्रकरणे

न्यायालयाची बातमी म्हणजे न्यायमूर्ती काय म्हणाले, अशी समजूत अलीकडे पक्की होत चालली आहे. सप्टेंबर २०२२ पासून सर्वोच्च न्यायालयातील घटनापीठांची सुनावणी घरबसल्या पाहता येते. खंडपीठाचा एखादा चिडका उद्गार निकालाच्या कितीतरी आधी मथळा होऊन जातो. सुनावणी सर्वांना दिसते हे चांगलेच झाले. पण ज्याचे प्रकरण बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, लागलेच नाही, तो या पडद्यावर येत नाही. शीला बारसे यांची पत्रकारिता नेमकी अशा माणसांपासून सुरू झाली.

मुक्त पत्रकार असलेल्या बारसे यांना मे १९८२ मध्ये राज्यातील स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेण्याची परवानगी मिळाली. मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात त्या पंधरा जणींशी बोलल्या. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि न्यायालयाने त्या पत्रालाच रिट याचिका मानले. मात्र केवळ पत्रावर विसंबून आदेश निघाले नाहीत. निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालकांनी तुरुंगात जाऊन या स्त्रियांशी एकांतात बोलावे आणि अहवाल द्यावा, असे सांगण्यात आले. फेब्रुवारी १९८३ मध्ये न्या. भगवती यांच्या पीठाने निर्देश दिले: स्त्रियांसाठी वेगळी कोठडी आणि तिथे महिला पोलिसांचा पहारा, चौकशीच्या वेळी महिला पोलिसाची हजेरी, अटक होताच नातेवाइकाला व विधी साहाय्य समितीला खबर. आरोपीला हजर केल्यावर कोठडीत छळ झाला का, हे दंडाधिकाऱ्याने स्वतः विचारायचे.

एव्हाना मुलाखतींची परवानगी मात्र गेली होती. बारसे टेपरेकॉर्डर वापरतात, हा आक्षेप होता. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वाजवी निर्बंध पाळून पत्रकाराला कैद्यांच्या मुलाखती घेता येतील, ध्वनिमुद्रणाला मात्र खास परवानगी लागेल. तोडगा अर्धामुर्धाच, पण दार उघडे राहिले.

तुरुंगातील मुलांविषयीची त्यांची याचिका अधिक अवघड वळणावर गेली. ऑगस्ट १९८६ मधील आदेशाने सोळा वर्षांखालील मुलांवर आरोप असलेल्या, सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांचा तपास तीन महिन्यांत आणि खटला सहा महिन्यांत संपवण्याचे बंधन घातले. राज्यांकडून माहिती येईना, तारखा पुढे जात राहिल्या. वैतागून बारसे यांनी याचिका मागे घेण्याची परवानगी मागितली. १९८८ मध्ये न्यायालयाने ती नाकारली, याचिकाकर्त्या म्हणून त्यांचे नाव वगळले आणि प्रकरण विधी साहाय्य समितीकडे सोपवले. जनहित याचिका एका व्यक्तीची मालमत्ता नसते, हा न्यायालयाचा युक्तिवाद आम्हाला पटतो. पण विलंबाबद्दलचा बारसे यांचा संतापही रास्त होता. नाव वगळल्याने तारखा काही लवकर पडणार नव्हत्या. (पत्रकाराने याचिकाकर्ता व्हावे का, हा वाद जुना आहे. आमच्या मते असे होणे हा अपवादच असावा.)

बारसे थांबल्या नाहीत. गुन्हा नसताना निव्वळ मनोरुग्ण म्हणून लोकांना तुरुंगात ठेवणे बेकायदा व घटनाबाह्य आहे, हा १९९३ चा निकालही त्यांच्याच याचिकेवरचा.

अशा बातमीला वेळ लागतो. तुरुंगाच्या परवानगीचा अर्ज, त्याचा पाठपुरावा, कैद्याने सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीची पडताळणी, आणि इतके करूनही कधी छापण्याजोगे काही हाती न लागणे. बातमीदाराला त्यासाठी रोजच्या कामातून मोकळे करणे संपादकांच्या हाती आहे. त्यात आम्हीही आलो.