नवी स्विफ्ट येण्याआधी: जपानच्या गाडीतलं काय काय आपल्यापर्यंत पोहोचेल?

माझ्या मावसभावाचा मार्च २०२४ मध्ये कराडहून फोन आला. "दादा, स्विफ्ट फायनल केलीय. शोरूमवाला मार्च एंडची ऑफर देतोय, चाळीस हजार कमी. काका म्हणतात पाडव्याला गाडी दारात पाहिजे. बुक करू का?" मी विचारलं, नवी येणार आहे हे माहितीये ना? तो म्हणाला, "हो, यूट्यूबवर बघितली. एडीएएस आहे, हायब्रिड आहे. पण मग ही सोडून तिची वाट बघायची का?"

त्याने बघितलेला व्हिडिओ खोटा नव्हता. फक्त तो जपानच्या गाडीचा होता.

नवी स्विफ्ट पहिल्यांदा दिसली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये, टोकियोच्या जपान मोबिलिटी शोमध्ये, तीही 'कॉन्सेप्ट' म्हणून. डिसेंबरमध्ये ती तिथे विक्रीला आली. आपल्याकडे तेव्हा झाकलेल्या गाड्यांचे टेस्टिंगचे फोटो फिरत होते आणि मे-जूनच्या आसपास ती येईल अशी चर्चा होती. म्हणजे स्पेसिफिकेशन हातात होतं, पण दुसऱ्या देशाचं. स्मार्टफोन वापरणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही. एकाच नावाचा फोन, एकाच रंगाचा, पण ग्लोबल मॉडेलमध्ये एक प्रोसेसर आणि इंडियन मॉडेलमध्ये दुसरा. गाड्यांमध्ये हा फरक फोनपेक्षा कितीतरी मोठा असतो.

कारण किंमत बघा. जपानमध्ये नव्या स्विफ्टचं सगळ्यात स्वस्त मॉडेल तेव्हा १७ लाख २७ हजार येनला होतं. तेव्हाच्या दराने हे साधारण साडेनऊ लाख रुपये होत होते. आपल्याकडे तेव्हाची स्विफ्ट ५.९९ लाख एक्स-शोरूमपासून सुरू होत होती. मधले साडेतीन लाख कुठूनतरी कमी व्हायला हवे होते. काही मजुरीतून आणि करातून होतील, पण बाकीचे थेट फीचर लिस्टमधून जाणार. त्यामुळे त्या गाडीत काय आहे याची यादी पाठ करण्यापेक्षा त्यातलं काय कापलं जाईल हे बघितलेलं बरं.

जे नक्की येईल ते आधी पटकन सांगतो. चेहरा तोच असेल: नवीन ग्रिल, नवे हेडलॅम्प, थोडं चापून बसलेलं बॉनेट. मागच्या दाराचं हँडल, जे तेव्हाच्या गाडीत खिडकीच्या मागे खांबात लपवलेलं होतं आणि जे पाहुण्यांना कधीच सापडत नसे, ते परत दारावर आलंय. लांबी ३,८६० मिलिमीटर, म्हणजे चार मीटरच्या आतच. नऊ इंची स्क्रीन येईल असंही मला वाटत होतं, कारण ती बलेनोमध्ये २०२२ पासून आहे आणि आता सात इंची स्क्रीन जुनाट दिसते. खरं सांगायचं तर स्क्रीनचं मला फार कौतुक नाही. अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले लावलं की सगळं काम तुमचा फोनच करतो, आणि फोन तुम्ही तीन वर्षांनी बदलता. गाडी दहा वर्षं वापरायची असते.

इंजिन: एक सिलिंडर कमी का?

यावरून बरीच भांडणं होणार होती, म्हणून थोडं थांबून बघू. तेव्हाच्या स्विफ्टमध्ये चार सिलिंडरचं १,१९७ सीसीचं इंजिन होतं, ताकद ९० पीएस. जपानच्या नव्या गाडीत झेड१२ई नावाचं तीन सिलिंडरचं इंजिन आहे, तेही १.२ लिटरचंच, पण ताकद ८२ पीएस. नवी गाडी आणि आठ पीएस कमी!

हा कंजूषपणा वाटतो, पण कारण वेगळं आहे. एक सिलिंडर कमी म्हणजे एक पिस्टन कमी, त्याच्या रिंगा कमी, घासणारे भाग कमी. शहरात इंजिन बहुतेक वेळ अर्ध्याहून कमी ताकदीवर चालतं, आणि तेव्हा हे घर्षण पेट्रोल खातं. शिवाय आपल्याकडे सीएएफई नावाचा नियम आहे. एका कंपनीच्या विकलेल्या सगळ्या गाड्यांचं मिळून कार्बन डायऑक्साइडचं सरासरी प्रमाण ठरावीक मर्यादेत ठेवावं लागतं. २०२२-२३ पासून ही मर्यादा किलोमीटरला ११३ ग्रॅमच्या आसपास आली. २०२३ मध्ये आपल्याकडे दोन लाखांहून जास्त स्विफ्ट विकल्या गेल्या. इतक्या विकल्या जाणाऱ्या गाडीचं ॲव्हरेज थोडं जरी वाढलं, तरी अख्ख्या कंपनीचं गणित सुधारतं. आणि १,२०० सीसीच्या आत, चार मीटरच्या आत राहिलं की पेट्रोल गाडीला तेव्हा जीएसटी आणि सेस मिळून २९ टक्केच लागत होता. त्यामुळे हे इंजिन इथे येणार, यावर मी पैज लावायला तयार होतो.

त्याची किंमत आपण दोन ठिकाणी मोजू. एक म्हणजे थरथर. चार सिलिंडरमध्ये क्रँकच्या दर अर्ध्या फेरीला एक धक्का बसतो, तीनमध्ये तो दोन तृतीयांश फेरीला. सिग्नलला उभं असताना हा फरक सीटखाली जाणवू शकतो. दुसरं म्हणजे घाट. पाच माणसं, डिकी भरलेली, एसी चालू आणि समोर खंबाटकी. तिथे आठ पीएसची आठवण होईल. माझ्या मावसभावाला मी एवढंच सांगितलंय की टेस्ट ड्राइव्ह एकट्याने घेऊ नको, घरच्या चौघांना बसव.

हायब्रिडचं मात्र फार मनावर घेऊ नका. जपानच्या गाडीत आहे ते माइल्ड हायब्रिड, म्हणजे इंजिनला हातभार लावणारी छोटी मोटर. नुसत्या बॅटरीवर गाडी चालत नाही. तिथल्या अधिकृत आकड्यांत ऑटोमॅटिक गाडीचं ॲव्हरेज हायब्रिडशिवाय लिटरला २३.४ किलोमीटर आणि हायब्रिडसह २४.५ आहे. महिन्याला हजार किलोमीटर धरा. पहिल्या गाडीला ४२.७ लिटर लागतं, दुसरीला ४०.८. फरक दोन लिटरपेक्षा कमी. १०४ रुपयांच्या आसपासच्या पेट्रोलने महिन्याला दोनशे रुपये वाचले. समजा या मोटरसाठी पन्नास हजार जास्त मोजले, तर वसूल व्हायला वीस वर्षं लागतील. आपल्या स्विफ्टमध्ये ती आली नाही तरी मी रडणार नाही.

एडीएएस आणि उसाची ट्रॉली

जपानच्या गाडीत पुढे रडार आणि कॅमेरा आहे. समोर काही आलं तर गाडी आपोआप ब्रेक लावते, लेनमध्ये राहायला मदत करते, पुढच्या गाडीशी अंतर राखते. महिंद्रा एक्सयूव्ही७०० मध्ये असं तंत्रज्ञान २०२१ मध्येच आलं, ह्युंदाई व्हेन्यूमध्येही २०२३ मध्ये कॅमेऱ्यावर चालणारं आलं. मग स्विफ्टमध्ये का नाही?

पैसे हे कारण आहेच. पण मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे मला दुसरी अडचण जास्त दिसते. आपोआप ब्रेक लावणाऱ्या सिस्टीमला क्षणात ठरवायचं असतं की समोरची वस्तू धोका आहे की नाही. त्यासाठी कुठेतरी एक रेषा आखावी लागते. रेषा कडक ठेवली तर सिंहगड रोडला प्रत्येक कट मारणाऱ्या स्कूटरवर गाडी कचकन थांबेल आणि मागचा टेम्पो तुमच्या डिकीत येईल. ढिली ठेवली तर खऱ्या वेळी उशीर होईल. दोन्ही बाजूंनी चूक शून्य करता येत नाही, कुठली चूक कमी करायची एवढंच ठरवता येतं. ही रेषा जपानच्या रस्त्यांवर ठरलेली आहे. सांगली-सातारा पट्ट्यात गाळपाच्या हंगामात रात्री उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिसतात. टेललॅम्प नाही, रिफ्लेक्टर नाही, मागे चार फूट ऊस बाहेर आलेला. त्या रस्त्यावर नव्याने टेस्टिंग करायला वेळ आणि पैसा लागतो, आणि सहा लाखांच्या गाडीवर तो कुणी खर्च करेल असं मला वाटत नाही. शिवाय एक छुपा खर्च असतो: कॅमेरा पुढच्या काचेला असल्यामुळे काच बदलली की कॅलिब्रेशन पुन्हा करावं लागतं.

तर माझा अंदाज असा होता की एडीएएस येणार नाही. आणि खरं सांगू? मला त्याहून महत्त्वाची वाटते ती एअरबॅगची ओळ.

तेव्हाच्या स्विफ्टच्या टॉप मॉडेललाही दोनच एअरबॅग होत्या. २०२२ च्या शेवटी ग्लोबल एनकॅपने भारतात बनलेली स्विफ्ट ताशी ६४ किलोमीटरने आदळवली, तेव्हा तिला एक स्टार मिळाला आणि बॉडीशेल 'अस्थिर' ठरवलं गेलं. अस्थिर म्हणजे आणखी जोराचा मार सोसायला त्या सांगाड्यात काही शिल्लक नव्हतं. सांगाडाच आत आला तर एअरबॅग किती वाचवणार? सहा एअरबॅग सक्तीच्या करायचा नियम आधी पुढे ढकलला गेला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये गडकरींनी सांगितलं की सक्ती करणार नाही. पण ह्युंदाईने ऑक्टोबरमध्ये आपल्या सगळ्या मॉडेल्सना सहा एअरबॅग देऊन टाकल्या. स्पर्धेमुळे स्विफ्टलाही द्याव्या लागतील असं मला वाटत होतं. प्रश्न एवढाच होता की सगळ्या व्हेरियंटला, की फक्त वरच्या दोनांना? बलेनोमध्ये तेव्हा त्या वरच्या मॉडेल्सनाच होत्या. लाँचच्या दिवशी सगळे चॅनल टॉप मॉडेल दाखवतात. तुम्ही ब्रोशरमधला सगळ्यात डावीकडचा, बेस मॉडेलचा कॉलम बघा.

भारत एनकॅप ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालं होतं आणि पहिले निकालही आले होते. नवी गाडी तिथे टेस्टला दिली जाते की नाही, हे ब्रोशरइतकंच बोलकं असणार होतं.

मावसभावाला मी ऑफर सोडायला सांगितलं. चाळीस हजार सोडायचे म्हणजे त्याच्यासाठी मोठी रक्कम आहे, आणि नवी गाडी महाग असणार होती हेही खरं. पण घरातली पहिलीच गाडी आहे, मागच्या सीटवर मावशी आणि त्याची दोन वर्षांची मुलगी बसणार आहे. सहा एअरबॅग सगळ्यांना मिळाल्या तर नवी घे, नाही मिळाल्या तर तेव्हा उरलेली जुनी याहून स्वस्त मिळेल, असं माझं साधं गणित. काकांना ते पटलं नव्हतं, पाडवा हातचा जातोय म्हणून. मग मावशीने कॅलेंडर काढून दाखवलं की १० मे ला अक्षय्य तृतीया आहे.