जादा ड्युटी घ्यायची का? आधी हिशोब मांडू या

देवळीहून सावंगी-सेवाग्रामला नर्सची नोकरी करणाऱ्या मुलींच्या घरी एक प्रश्न हमखास निघतो. सुटीच्या दिवशी दुसऱ्या दवाखान्यात रोजाने ड्युटी घ्यायची का? अब्बू म्हणतात, भावाची फी निघेल. अम्मी म्हणते, पोरगी झोपणार कधी? आम्हा शिक्षकांकडेही पालक हेच विचारायला येतात.

सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशावरून केंद्राने समिती नेमली. तिने सुचवलं, खासगी दवाखाना ५० खाटांहून लहान असला तरी नर्सला महिना किमान २० हजार द्या. २०० हून जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार द्या. अंमलबजावणी मात्र राज्यांवर सोडली. पगार कमी म्हणून मुली जादा ड्युटी घेतात, आणि त्यावर घर भागतं म्हणून पगारवाढ कुणी मागत नाही. खरी मेख इथे आहे.

हिशोब सोपा आहे. २० हजारांना २६ ने भागलं तर दिवसाचे साधारण ७६९ रुपये होतात. गाडीभाडं वजा जाता रोज याहून कमी उरत असेल, तर आपली मुलगी सुटी स्वस्तात विकतेय. शिवाय रोजाच्या कामात आजारपणाची रजा सहसा नसते, आणि थकल्या हाताने इंजेक्शनचा डोस चुकला तर जीव पेशंटचा जातो.

नड असेल तर जरूर घ्यावी. पण महिन्यात किती, हे तिनेच ठरवावं. रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशी नकोच. आणि तो पैसा तिच्याच खात्यात जमा व्हावा.