मैदानावरचे ध्रुवपद

आमच्या आजच्या विषयाचे वाचकांपैकी पुष्कळांस आश्चर्य वाटेल. ज्याने उभा जन्म मुलांकडून शब्दांची रूपे घोकून घेण्यात घालविला, त्या वृद्ध पंतोजीने फुटबॉलच्या सामन्यांतील आरडाओरडीवर लेख लिहावा, हे काहींस पाठशाळेत हलगी वाजविल्यासारखे वाटण्याचा संभव आहे. परंतु हा प्रश्न आमच्यापुढे मैदानावर आला नाही. तो जेवणाच्या पंक्तीत आला. आणि जो प्रश्न पंक्तीत येतो तो कुटुंबाचा होतो, मग त्याचा उगम कोठेही असो.

गेल्या फाल्गुनात आम्ही रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापुरास आमच्या पुतण्याकडे गेलो होतो. आमच्या वहिनी, दोघे पुतणे, सुना व मुले असे ते एकत्र कुटुंब आहे. कोल्हापूर हे कुस्तीचे माहेरघर म्हणून सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या शहराचे फुटबॉलचे वेडही तितकेच जुने आणि तितकेच उत्कट आहे, हे घाटाखालच्या आम्हां लोकांस क्वचितच माहीत असते. तेथील संघांची नावे पाहिली तरी या दोन्ही छंदांचे नाते कळून येते. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम ही मुळात पेठांतील तालमींची नावे. आज फुटबॉलचे संघही त्याच नावांनी खेळतात. राजर्षी शाहू स्टेडियमवर साखळी सामने सुरू झाले म्हणजे पेठाच्या पेठा गॅलरीत येऊन बसतात. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा झाली, तीत भारताच्या बाजूने खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला.

पुतण्याने आपल्या नऊ वर्षांच्या मुलास एके सायंकाळी प्रथमच सामना पाहावयास नेले. रात्री पाने वाढली गेली. मुलाने नेहमीप्रमाणे श्लोक म्हटला व भात कालवीत असता डाव्या हाताच्या बोटांनी पाटावर ठेका धरून तो काही गुणगुणू लागला. ठेका इतका गोड होता की वाढीत असलेल्या आमच्या वहिनींनीही मान डोलाविली. दुसऱ्या आवर्तनास शब्द ध्यानात आले, तेव्हा त्यांच्या हातातील पळी तशीच अधांतरी राहिली. प्रतिपक्षाच्या माताभगिनींचा उद्धार करणारे ते पद होते. मुलास त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. त्याने केवळ चाल उचलली होती.

त्यानंतर घरात जे घडले ते वाचकांस सांगावयास नको. सूनबाई म्हणाल्या, "यापुढे हा मैदानाची पायरी चढणार नाही." पुतण्या म्हणाला, "आज नाही तर उद्या रस्त्यावर ऐकेलच. त्यासाठी त्याचा खेळ का तोडावा?" वहिनी म्हणाल्या, "आपली माणसे तेथे जावीतच कशाला?" अखेर निवाडा आमच्यावर सोपविण्यात आला. न पाहिलेल्या गोष्टीवर निवाडा देऊ नये, ही सवय आम्हांस परीक्षकाच्या कामाने लागलेली आहे. सबब पुढील सामन्यास आम्ही स्वतः गेलो.

तेथे जे पाहिले त्याने आमचे मत काहीसे पालटले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. शिवीगाळ होती, ती ऐकून कान किटले. तथापि तिच्याआधी जे काही कानांवर आले ते विलक्षण होते. हलगी कडाडली की हजारो कंठांतून एकच शब्द एकाच क्षणी उमटे. पन्नास मुलांकडून एक श्लोक एका सुरात म्हणवून घेताना आमची तीस वर्षे गेली आणि तरीही शेवटच्या बाकावरचा विद्यार्थी एक चरण मागेच राही. येथे मात्र ज्यांची एकमेकांशी ओळखही नाही असे लोक ताल चुकत नव्हते. मग आमच्या ध्यानात आले की या लोकांजवळ कंठ आहे, ताल आहे, निष्ठा आहे; उणीव आहे ती केवळ शब्दांची. ओठांवर चांगले पद नसले म्हणजे जीभ जे सापडेल ते उचलते, आणि सर्वांत लवकर सापडते ती शिवी.

आमच्या पूर्वजांस हा विषय अपरिचित नव्हता. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात सत्ताविसावा अध्याय प्रयोगाच्या सिद्धीविषयी आहे. तीत प्रेक्षकांचे स्मित, मोठे हास्य, 'साधु', 'अहो' असे उद्गार, वाढत जाणारा नाद, अंगावर उभे राहणारे रोमांच, आसनावरून उठणे, इतकेच नव्हे तर वस्त्रे व अंगठ्या फेकणे, ही सर्व प्रयोग सफल झाल्याची चिन्हे म्हणून गणिली आहेत. म्हणजे प्रेक्षकाने मुकाट्याने बसावे असे मुनींचे म्हणणे नाही. परंतु त्याच अध्यायात प्रयोगाचे घातही सांगितले आहेत. आणि मत्सराने व पक्षपाताने येणाऱ्या घातांत प्रतिपक्षाने केलेला गोंगाट, शेण व ढेकळे फेकणे यांची गणना आहे. कोल्हापुरात प्रेक्षकांच्या मारामाऱ्यांमुळे सामने थांबविण्याची पाळी अलीकडे अनेकदा आली. त्या बातम्या वाचताना आम्हांस हा अध्याय आठवतो. नाद आणि घात यांतील भेद तेव्हाही लोक जाणत होते.

आता आमच्या कोकणाकडे पाहा. रत्नागिरीच्या खेड्यापाड्यांत जाखडीच्या निमित्ताने शक्ती-तुऱ्याचे सामने होतात. एक पक्ष शक्तीस श्रेष्ठ मानणारा, दुसरा शिवास. रात्र रात्र चुरस चालते, प्रतिपक्षास पेचात धरणारे सवाल टाकले जातात, ऐकणारे गाव दुभंगलेले असते. परंतु दोन्ही पक्षांस आरंभी गणाने गजाननास वंदन करावे लागते, आणि सवालास जबाब पदातच द्यावा लागतो. चांगले पद रचता न आल्याने जो शिवीवर येतो तो हरला, असे जाणते श्रोते समजतात. तेथेही कधी कधी पातळी सुटते, हे आम्ही नाकारीत नाही. पुण्याच्या गणेशोत्सवातील मेळ्यांची पदेही एके काळी परनिंदेकडे घसरली होती. म्हणून केवळ गाणे असले की सर्व शुद्ध होते, असा भोळा समज आम्ही धरीत नाही. गाण्यास नियम असावा लागतो आणि तो नियम पाळणारी जाणती माणसे श्रोत्यांत बसलेली असावी लागतात.

परदेशांतही हेच दिसते. १९०५ साली वेल्स देशातील कार्डिफ येथे न्यूझीलंडचा संघ रग्बी खेळावयास आला. त्यांनी सामन्यापूर्वी आपले 'हाका' हे आवेशपूर्ण नृत्य केले. वेल्सच्या खेळाडूंनी त्यास उत्तर म्हणून आपले राष्ट्रगीत आरंभिले आणि सर्व प्रेक्षकसमुदायाने ते उचलून धरिले. आव्हानास शिवीने नव्हे, गीताने उत्तर मिळाले. इंग्लंडातील लिव्हरपूलच्या मैदानावर गाइले जाणारे 'यू विल नेव्हर वॉक अलोन' हे गीत तर मुळी खेळासाठी रचलेलेच नव्हे. १९४५ सालच्या 'कॅरोसेल' या अमेरिकन संगीत नाटकातील ते पद. १९६३ साली लिव्हरपूलच्याच गायकवृंदाने ते गाइले आणि प्रेक्षकांनी ते आपलेसे केले. त्यात गोलाचा उल्लेख नाही, प्रतिपक्षाचा नाही. संकटात चालणाऱ्यास धीर देणे एवढाच त्याचा आशय. म्हणूनच संघ हरत असतानाही ते गाता येते. जे पद केवळ विजयातच म्हणता येते, ते पराभवाच्या वेळी गॅलरी रिकामी सोडते, आणि त्या रिकाम्या जागेत शिवी येऊन बसते.

प्रेक्षकांच्या आवाजाने खेळात काय फरक पडतो, असे कोणी विचारील. २०२० साली साथीच्या दिवसांत जर्मनीत रिकाम्या मैदानांवर सामने खेळविले गेले, तेव्हा स्वतःच्या मैदानावर खेळणाऱ्या संघांचे विजय घटले, आणि पाहुण्या संघास पंचांकडून होणाऱ्या शिक्षाही कमी झाल्या. म्हणजे आवाज खेळाडूस बळ देतो आणि नकळत पंचाच्या मनावरही दाब आणतो. आपल्याकडील उदाहरण २०१८ सालचे. जूनच्या आरंभी मुंबईस अंधेरी येथे भारताने चिनी तैपेई संघास ५-० असे हरविले. तो सामना पाहावयास अवघी २,५६९ माणसे आली होती. दुसऱ्या दिवशी कर्णधार सुनील छेत्री यांनी देशवासीयांस कळकळीने विनविले की आम्हांस नावे ठेवावयाची असतील तर तीही ठेवा, पण मैदानावर येऊन ठेवा. ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची सर्व तिकिटे खपली. आपल्या शंभराव्या सामन्यात उतरणाऱ्या या खेळाडूस टीकेपेक्षा रिकाम्या खुर्च्यांचे दुःख अधिक वाटले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

तेव्हा आमचा निवाडा असा झाला की मुलाने मैदानावर जावे. परंतु एकट्याने नव्हे, घरासह जावे. सभ्य म्हणविणारी कुटुंबे नाक मुरडून घरी बसली तर मैदान कोणाच्या हाती राहील? आणि मैदानावरील मंडळींस हिणविण्याचाही आम्हांस अधिकार नाही. पांढरपेशा घरांतही जिभेचे विष कमी नसते. ते केवळ व्याकरणशुद्ध असते, इतकेच.

निवाडा देणे सोपे. पण मग म्हणावयाचे काय? मुलाची चौदा वर्षांची बहीण त्याच रात्री कागद घेऊन बसली. चाल तीच ठेविली, कारण चाल निर्दोष होती. तिचे पद असे : "पेठ कुणाची? आमची! तालीम कुणाची? आमची! खेळ कुणाचा? दोघांचा!" वहिनींनी ते ऐकले व एवढेच विचारले, "आणि हरलात तर काय म्हणाल?" थोड्या वेळाने त्यांनीच चरण जोडला : "आज नाही, उद्या!"

पुढच्या सामन्यास घरची व शेजारची मिळून आम्ही नऊ जण गेलो. पहिल्या वेळी आमचा आवाज आमच्याच ओळीत विरला. पुढे बसलेला एक तरुण वळून हसत म्हणाला, "आजोबा, जोरात म्हणा की!" आम्ही जोरात म्हटले. तिसऱ्या वेळी हलगीवाल्याने आमच्याकडे पाहून ठेका धरला आणि शेजारच्या चार-सहा ओळींतून 'दोघांचा' हा शब्द मोठ्या हशासह उमटला. उत्तरार्धात पंचाचा एक निर्णय लोकांस रुचला नाही. तत्काळ जुनी पदे परतली आणि आमचे पद बुडाले. ही गोष्ट आम्ही लपवून ठेवीत नाही. आमचा संघ हरला. मात्र पायऱ्या उतरताना वीस-पंचवीस माणसे 'आज नाही, उद्या' म्हणत होती, आणि त्यांतील निम्म्यांहून अधिक आमच्या ओळखीची नव्हती. घरी येताच सूनबाई म्हणाल्या, "काका, पुढच्या वेळी आपण हलगीजवळच बसू या."

या अनुभवावरून चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पद आखूड असावे. एकाने विचारावे व सर्वांनी उत्तर द्यावे, म्हणजे नवख्यासही एका फेरीत ते येते. त्यात आपल्या संघाचा गौरव असावा, परंतु कोणाची आई, जात किंवा पेठ यांची निंदा नसावी. प्रतिपक्षाने उत्तम गोल केला तर टाळी वाजवावी. 'साधु' म्हणण्याने आपला संघ हरत नाही. आणि हलगीवाल्याशी स्नेह जोडावा, कारण गॅलरीचे सूत्र त्याच्या हाती असते. तालमींतील वडीलधाऱ्यांनी तरुणांस बोलावून हंगामापूर्वी अशी दोन-तीन पदे बसवून घेतली, तर पोलिसांचे काम पुष्कळ हलके होईल.

गणपतीत आपल्या घरी आरती होते तेव्हा कोणी तालीम घेत नाही, कोणी पुस्तक उघडीत नाही. तरी पाच वर्षांच्या मुलापासून आजीपर्यंत सर्वांचा एक सूर लागतो. ती मुले आरती कोठे शिकली? मोठ्यांच्या मांडीला मांडी लावून उभ्या उभ्या शिकली. मैदानावरचे गाणेही तसेच शिकविता येईल. मात्र त्यासाठी मोठ्यांनी तेथे मुलाशेजारी असले पाहिजे. हंगाम पुन्हा येईल. ज्यांच्या घरातील मूल चेंडूमागे धावते, त्यांनी एक सायंकाळ त्याच्यासाठी राखून ठेवावी, आणि जाताना एखादे बरे पद बरोबर न्यावे.